सिस्टर डोरोथींच्या पिशवीतले कागद



व्याख्यानमालेकडून मला विषय आला तो असा: 'श्रद्धेसाठी परमुलखात प्राण देणाऱ्या मिशनरी स्त्रिया'. वसईकरांपुढे या विषयाला फार प्रस्तावना लागत नाही. इथल्या गोन्सालो गार्सियाला 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवलं आणि 1862 साली चर्चनं त्याला संतपद दिलं, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. म्हणून फार पसारा न मांडता एकाच बाईंविषयी बोलायचं मी ठरवलं आहे. यादीच करायची तर ती लांबेल. एल साल्वादोरमध्ये 2 डिसेंबर 1980 च्या रात्री नॅशनल गार्डच्या सैनिकांनी मारलेल्या चार अमेरिकन स्त्रिया आहेत, तीन सिस्टर आणि एक प्रापंचिक कार्यकर्ती. येमेनमधल्या एडन शहरात मार्च 2016 मध्ये वृद्धाश्रमात शिरून मारलेल्या मदर तेरेसांच्या संस्थेच्या चार सिस्टर आहेत, त्यातल्या एक आपल्या झारखंडच्या. प्रत्येकीला एकेक संध्याकाळ द्यायला हवी.

मी निवडलं आहे ते सिस्टर डोरोथी स्टँग यांना. 12 फेब्रुवारी 2005 रोजी, ब्राझीलच्या पारा राज्यात, ॲमेझॉनच्या रानातल्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांना सहा गोळ्या घालून मारण्यात आलं. वय 73.

निवडण्याचं कारण सांगते. मला दिलेल्या विषयात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, श्रद्धेसाठी मरण आणि परमुलूख. सिस्टर डोरोथींच्या बाबतीत दोन्ही अडतात. जन्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, डेटन गावचा, 1931 सालचा. ब्राझीलमध्ये त्या 1966 साली गेल्या, आणि तिथंच राहिल्या. म्हणजे जन्मभूमीत 35 वर्षं आणि ब्राझीलमध्ये 38. पुढे त्यांनी ब्राझीलचं नागरिकत्वही घेतलं. त्यांना परमुलखात मेल्या म्हणायचं की आपल्या गावात? आणि दुसरी अडचण याहून अवघड. ज्यांनी मारलं, ज्यांनी सुपारी दिली, तो सगळा मुलूखच ख्रिस्ती. नागासाकीत मारणारा कोण, मरणारा कोण आणि कशासाठी, हे स्पष्ट होतं. तिथं जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याचा हुकूम होता. इथं तसा कुणाचाही हुकूम नाही. बायबल हातात घेतल्याबद्दल ब्राझीलमध्ये कुणी कुणाला मारत नाही.

आपल्याकडे 'मिशनरी' म्हटलं की धर्मांतर आठवतं, बाजूनं असो की विरोधात. सिस्टर डोरोथी ज्या लोकांत राहिल्या ते पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक होते. तिथं बाप्तिस्मा देण्यासारखं फक्त नवजात बाळ असायचं. मग या बाई 38 वर्षं तिथं करत काय होत्या? त्याचं उत्तर त्यांच्या पिशवीत आहे, आणि त्या पिशवीपाशी आपल्याला जायचं आहे.

डेटनच्या बालपणावर मी वेळ घेणार नाही. नऊ भावंडांतल्या त्या एक. वडील हवाई दलाच्या तळावर इंजिनिअर. घरामागे मोठा मळा होता, आणि त्यात रासायनिक खत घालायचं नाही, पालापाचोळा कुजवून घालायचा, हा वडिलांचा शिरस्ता होता. पन्नास वर्षांनी त्यांची मुलगी ॲमेझॉनच्या पातळ मातीत शेतकऱ्यांना हेच शिकवणार होती. 1948 साली, सतराव्या वर्षी, त्या नोत्र दाम द नामूर या सिस्टरांच्या संघात दाखल झाल्या. फ्रान्समध्ये क्रांतीच्या धामधुमीनंतर, 1804 साली, ज्युली बिलियार नावाच्या एका शेतकरी वळणाच्या, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईनं गरीब मुलींना शिकवण्यासाठी हा संघ सुरू केला होता. शिकवणं हाच त्यांचा धर्म. सिस्टर डोरोथीही आधी शिक्षिकाच. शिकागोजवळ शिकवलं, मग ॲरिझोनात, आणि तिथं शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांशी त्यांचा संबंध आला.

1966 मध्ये त्या ब्राझीलच्या मारान्यांव राज्यातल्या कोरोआता गावी पोहोचल्या, तेव्हा लष्करानं सत्ता बळकावून दोन वर्षं झाली होती. दुसरी व्हॅटिकन परिषद नुकतीच संपली होती. लॅटिन अमेरिकेतलं चर्च त्या काळात पेटून उठल्यासारखं झालं होतं. 1968 साली मेदेयिनला तिथले बिशप जमले आणि गरिबांची बाजू घ्यायची, असा सूर लागला. पुढे लिबरेशन थिऑलॉजी म्हणून ओळखला गेलेला विचार त्याच सुमाराचा. त्यावर विद्यापीठांतून पुष्कळ वाद झाले. कोरोआताला मात्र त्याचं रूप साधं होतं. आठवड्याला वीस-पंचवीस माणसं एका झोपडीत जमायची, बायबलमधला उतारा वाचायचा, आणि मग विचारायचं, हे आपल्या गावात कुठं दिसतं? फादर महिन्यातून एकदाही येत नसत तिथं या बैठका लोकांनी स्वतःच चालवल्या. जमीनदाराचं कूळ म्हणून राबणारा माणूस जेव्हा निर्गमाचं पुस्तक वाचतो, तेव्हा त्याला फारोचा चेहरा शोधायला इजिप्तला जावं लागत नाही. जमीनदारांनाही हे लवकरच कळलं.

तिथली माणसं टिकली नाहीत. कुंपणं पुढे सरकत गेली, गुरांची कुरणं वाढली, आणि कुळं देशोधडीला लागली. ती पश्चिमेला पारा राज्यात निघाली, आणि 1974 च्या सुमारास सिस्टर डोरोथीही त्यांच्या मागोमाग गेल्या. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मिशनरी ठाणं उघडतो आणि लोक त्याच्याकडे येतात, ही आपल्या डोळ्यांपुढची रीत. इथं लोक विस्थापित होत होते आणि बाई त्यांच्यासोबत बिऱ्हाड हलवत होत्या.

1982 साली त्या आल्तामिराला शिंगूच्या बिशपांकडे गेल्या. डॉम एर्विन क्राउटलर हे मूळ ऑस्ट्रियाचे, वर्षभरापूर्वीच बिशप झालेले. सिस्टरनी त्यांना सांगितलं की सर्वांत गरीब माणसं असतील तिथं मला पाठवा. बिशपांनी त्यांना ट्रान्सॲमेझॉन महामार्गाच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, आनापूला धाडलं. तिथं त्यांनी उरलेली तेवीस वर्षं काढली.

आता या महामार्गाविषयी थोडं बोलायला हवं, कारण सिस्टरांच्या खुनाचा माग या रस्त्याशीच लागतो. 1970 साली ईशान्य ब्राझीलमध्ये भयानक दुष्काळ पडला. लष्करी राजवटीला दोन चिंता होत्या, भुकेली माणसं आणि मोकळं पडलेलं ॲमेझॉन. दोन्हींवर एकच उपाय निघाला, रानातून रस्ता काढायचा आणि माणसं तिकडे ढकलायची. भूमिहीन माणसांना माणूसहीन भूमी, अशी घोषणा होती. त्या भूमीत आदिवासी हजारो वर्षं राहत होते, ही गोष्ट घोषणेत बसत नव्हती. चार हजार किलोमीटरहून लांब रस्ता आखला गेला. दुतर्फा वस्त्या होतील, प्रत्येक कुटुंबाला 100 हेक्टर मिळतील, शाळा होतील, दवाखाने होतील. काही वर्षांत सरकारचा उत्साह मावळला. रस्ता बराचसा कच्चाच राहिला. पावसाळ्यात ट्रक चाकापर्यंत रुतायचे आणि दिवसचे दिवस तिथंच थांबायचे. आणलेली माणसं मात्र तिथं राहून गेली होती.

मग आले लाकूडवाले, आणि त्यांच्या मागून गुरांचे मोठे मालक. आपल्याकडे सातबाऱ्याचे घोळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पुढचं समजायला कष्ट पडणार नाहीत. रानातली बहुतेक जमीन सरकारची. तिच्यावर खाजगी मालकी दाखवायची तर जुना कागद हवा. ब्राझीलमध्ये यासाठी एक प्रसिद्ध युक्ती आहे. नवा खोटा दस्त करायचा आणि तो रातकिड्यांसोबत खोक्यात किंवा खणात बंद करून ठेवायचा. किडे कागद कुरतडतात, त्यावर घाण करतात, कागद पिवळा पडतो, आणि काही आठवड्यांत तो आजोबांच्या वेळचा दिसू लागतो. पुढे नोंदणी कचेरीतला माणूस हाताशी असला की झालं.

कागदाच्या जोडीला ताबा लागतो. ताबा दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे गवत. रान तोडायचं, जाळायचं, आणि राखेवर चराऊ गवताचं बी फेकायचं. गुरं नंतर आली तरी चालतात. गवत उगवलं की जमीन 'वापरात' आली. आणि तिथं एखादं गरीब कुटुंब मका-मानिओक लावून बसलं असेल, तर त्याच्या पिकातही गवताचं बी टाकायचं. गवत पिकाला खाऊन टाकतं, कुटुंब आपणहून उठतं. नाही उठलं तर झोपडी जाळायची.

या सगळ्याला सिस्टर डोरोथींचं उत्तर काय होतं? क्रांती नव्हतं. निदान बंदुकीची तर नाहीच. त्यांचं उत्तर होतं सरकारी योजना. ब्राझीलच्या भूसुधार खात्यानं, ज्याला तिकडे इंक्रा म्हणतात, 1999 मध्ये वसाहतीचा एक नवा प्रकार मान्य केला: शाश्वत विकास प्रकल्प. कुटुंबानं थोडीच जमीन कसायची, साधारण पाचवा हिस्सा. बाकी चार हिस्से रान उभं ठेवायचं, सगळ्यांनी मिळून राखायचं, त्यातून फळं, तेलबिया, कोको काढायचे. सिस्टर या योजनेच्या इतक्या मागे लागल्या की आनापूजवळ अशा दोन वसाहती मंजूर झाल्या. एकीचं नाव 'एस्पेरान्सा', म्हणजे आशा. त्यांनी शाळा उभ्या केल्या, शिक्षक तयार केले, फळांवर प्रक्रिया करणारा लहानसा कारखाना काढायला लोकांना मदत केली. आणि उरलेला वेळ कचेऱ्यांत घालवला. आनापू, आल्तामिरा, बेलें, ब्राझिलिया. अर्ज, स्मरणपत्र, तक्रार, पुन्हा अर्ज. टी-शर्ट, टोपी, पायांत साध्या चपला, हातात कापडी पिशवी, अशी ही म्हातारी कचेरीच्या बाकावर येऊन बसली की साहेब लोक मागच्या दारानं जात असतील, असं मला उगाचच वाटतं. सरकारी कचेरीत दहा हेलपाटे घातलेल्या माणसालाच त्यांच्या संतपणाची खरी किंमत कळेल.

मधे, 1991-92 च्या सुमारास, त्या कॅलिफोर्नियात मॅथ्यू फॉक्स यांच्या संस्थेत शिकायला गेल्या होत्या. सृष्टी हीच ईश्वराची पहिली ओळख, अशी तिथली मांडणी. फॉक्स हे रोमच्या रोषाला पात्र ठरलेले धर्मचिंतक, पुढे त्यांना आपल्या संघातून बाहेर पडावं लागलं. सिस्टरनी तो वाद अंगाला लावून घेतलेला दिसत नाही. साठीला आलेली बाई एक वर्ष शिकून परत आनापूला आली आणि रोपवाटिकेच्या कामाला लागली. पण त्यानंतर त्यांच्या कामात झाड आणि माणूस अशी वेगवेगळी खाती राहिली नाहीत. रान मेलं की आपणही मेलो, अशा अर्थाचा मजकूर छापलेला टी-शर्ट त्या घालत, त्याचा फोटो पुढे जगभर गेला.

धमक्या जुन्याच होत्या. 2004 च्या सुमारास त्या वाढल्या. वसाहतीतल्या लोट क्रमांक 55 वर, सुमारे 3,000 हेक्टरांवर, एका गुरांच्या मालकानं हक्क सांगितला होता. जमीन आपण दुसऱ्या एका बड्या असामीकडून विकत घेतली, असं त्याचं म्हणणं. सरकारच्या दप्तरी ती वसाहतीची. मी त्या दोघांची नावं घेत नाही. खटल्याच्या कागदांत ती आहेत आणि तिथं असलेली बरी. त्याच वर्षी राज्यानं सिस्टरांचा मानद नागरिक म्हणून गौरव केला आणि त्याच सुमाराला त्या वसाहतीतल्या लोकांना शस्त्रं पुरवतात, अशी तक्रारही त्यांच्यावर झाली. एकाच बाईला एक हात हार घालतो आणि दुसरा आरोपपत्र लिहितो. मरणाच्या काही दिवस आधी त्यांनी मानवाधिकार खात्याच्या मंत्र्यांना भेटून धमक्यांची माहिती दिली होती. त्यात शेतकऱ्यांच्या जिवाची काळजी होती. स्वतःचं नाव त्या यादीत वर आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

आता ती सकाळ. मी जे सांगते ते न्यायालयात आलेल्या साक्षींवरून. एक साक्षीदार झाडीत लपून पाहत होता, आणि मारणाऱ्यांनीही पुढे जबाब दिले.

पावसाळा होता. सिस्टर आदल्या दिवशी बैठकीसाठी वसाहतीत आल्या होत्या आणि एका कुटुंबाकडे मुक्कामाला राहिल्या होत्या. जाळलेल्या घरांच्या माणसांनी धीर सोडू नये म्हणून ही बैठक. सकाळी साडेसातच्या सुमारास त्या चिखलातून बैठकीच्या जागेकडे पायी निघाल्या. वाटेत दोन माणसं आडवी आली. ती अनोळखी नव्हती. त्याच लोट 55 वर चराऊ गवत पेरायला ठेवलेले हे मजूर. म्हणजे तेही भूमिहीनच, हे ध्यानात घ्या. सिस्टर थांबल्या. पिशवीतून नकाशा आणि कागद काढले, आणि इथं गवत का पेरता येणार नाही, ही जमीन सरकारनं कुणासाठी राखून ठेवली आहे, हे त्यांना दाखवू लागल्या. काम त्यांचं तेच, वर्ग फक्त दोघांचा.

त्यातल्या एकानं विचारलं, तुमच्याकडे हत्यार आहे का? शस्त्रं पुरवल्याची तक्रार आठवा, म्हणजे या प्रश्नाचा रोख समजेल. त्यांनी सांगितलं की माझं हत्यार एवढंच, आणि त्याच पिशवीतून बायबल काढलं. उघडून वाचायला सुरुवात केली. डोंगरावरचं प्रवचन ज्या वचनांनी सुरू होतं, दीनांना आणि न्यायासाठी भुकेलेल्यांना धन्य म्हणणारी, ती वचनं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्या पुढे चालू लागल्या. तेव्हा रिव्हॉल्व्हर निघालं. पहिल्या गोळीनंतर त्या पडल्या, आणि मग उरलेल्या गोळ्या झाडल्या गेल्या. देह पावसात तसाच पडून राहिला. उचलायला जाणाऱ्यालाही गोळी लागेल, या भीतीनं लोक कितीतरी वेळ जवळ जाऊ शकले नाहीत.

ठरलेली सुपारी होती 50,000 रेआल.

खटल्याची कहाणी लांब आहे, मी थोडक्यात आटोपते. गोळी झाडणाऱ्याला 2005 मध्ये 27 वर्षं, साथीदाराला 17, पुढच्या वर्षी मध्यस्थाला 18. गरिबांचा निकाल असा झटपट लागला. मालकांचा रेंगाळला. गुरांच्या मालकाला 2007 मध्ये 30 वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळच्या ब्राझीलच्या कायद्यात 20 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की पुन्हा नव्या ज्युरीपुढे उभं राहायची सोय होती. 2008 मध्ये तो सुटला. ती सुटका रद्द झाली, 2010 मध्ये पुन्हा 30 वर्षं. तोही निकाल सर्वोच्च न्यायालयानं बाद केला, 2013 मध्ये चौथ्यांदा खटला आणि पुन्हा तीच 30 वर्षं. दुसऱ्या असामीला 2010 मध्ये 30 वर्षं झाली, पण अपिलं आणि जामिनांच्या आधारानं तो 2019 पर्यंत आत-बाहेर करत राहिला. तरीही पारा राज्यातले जाणकार सांगतात की हे मोठंच यश. जमिनीच्या भांडणात तिथं शेकडो माणसं मारली गेली आहेत आणि सुपारी देणारा तुरुंगापर्यंत पोहोचणं हा अपवाद. मरणारी बाई अमेरिकेत जन्मलेली गोरी सिस्टर होती म्हणून जगाचे कॅमेरे आले, हे कटू असलं तरी खरं आहे. आनापूची माणसं ते बोलून दाखवतात, आणि सिस्टर असत्या तर त्यांनीही दाखवलं असतं, असा माझा अंदाज.

परिणाम काही थोडाथोडका झाला नाही. पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा त्या दिवशी पारा राज्यातच होत्या, एका राखीव क्षेत्राच्या कामासाठी. राष्ट्राध्यक्ष लुला यांनी सैन्य पाठवलं. काही दिवसांतच तेरा दो मेयु या पट्ट्यात सुमारे 33 लाख हेक्टरांचं संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. ॲमेझॉनमधली वार्षिक जंगलतोड 2004 मध्ये 27,000 चौरस किलोमीटरांहून जास्त होती, ती 2012 मध्ये 4,600 च्या आसपास आली. याचं श्रेय एका खुनाला देणं भाबडेपणाचं होईल. उपग्रहांची नजर, बँकांच्या कर्जांवरचे निर्बंध, सोयाबीनच्या व्यापारातले करार, अशी त्याची अनेक कारणं आहेत. पण राजकीय बळ गोळा व्हायला तो फेब्रुवारी कारणी लागला, हे कुणी नाकारत नाही.

आता त्या अवघड प्रश्नाकडे येऊ. हे मरण श्रद्धेसाठी का?

चर्चची जुनी कसोटी अशी की मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असला पाहिजे. ही कसोटी रोमन सम्राटांना लागू पडते, हिदेयोशीला लागू पडते. जमीन बळकावणाऱ्याला कशी लागू करणार? तो रविवारी मिस्साला जात असेल. त्याच्या घरात मारियेची तसबीर असेल. त्याला बाईंच्या श्रद्धेशी देणंघेणं नाही, त्याला लोट 55 हवा आहे. म्हणून कित्येक जण म्हणतात की डोरोथी थोर, पण त्या जमिनीसाठी मेल्या. पर्यावरणासाठी मेल्या. संयुक्त राष्ट्रांनी 2008 मध्ये त्यांना मरणोत्तर मानवाधिकार पुरस्कार दिला, तोही याच खात्यात.

हाच पेच एल साल्वादोरच्या आर्चबिशप रोमेरो यांच्या बाबतीत 35 वर्षं पडला होता. वेदीवर मारला गेलेला माणूस, तरी राजकारणासाठी मेला म्हणून त्यांची फाइल अडून राहिली. 2015 मध्ये रोमनं ते हौतात्म्य मान्य केलं. आणि आपल्या देशात, इंदूरजवळ, सिस्टर रानी मारिया. केरळच्या. उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या विळख्यातून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी चालत्या बसमध्ये आणि बसबाहेर ओढून त्यांच्यावर चाकूचे वार झाले. तिथंही हिशेब व्याजाचा होता. तरीही 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला त्यांना 'धन्य' म्हणून घोषित केलं, हुतात्मा म्हणूनच. म्हणजे कसोटी हळूहळू सरकते आहे. मारणारा कशाचा द्वेष करत होता यापेक्षा मरणारी कशामुळे तिथं उभी होती, याकडे पाहिलं जाऊ लागलं आहे.

सिस्टर डोरोथी तिथं कशामुळे उभ्या होत्या? त्र्याहत्तराव्या वर्षी ओहायोत आपल्या संघाच्या निवासात त्यांना उबदार खोली मिळाली असती. पर्यावरणवादी म्हणून आलेला माणूस अहवाल लिहून परत जातो, आणि त्यात काही गैर नाही. वकील खटला संपला की जातो. पण एखादी बाई 38 वर्षं जात नाही, धमक्या आल्यावर जात नाही, हत्याराबद्दल विचारल्यावर नकाशा बाजूला ठेवून पुस्तक उघडते. हे मला दुसऱ्या कुठल्याही कारणानं समजावून सांगता येत नाही. श्रद्धाळू नसलेल्या मित्रांनी मला यावर टोकलं आहे. मी त्यांना एवढंच विचारते की, मग तुम्ही सांगा.

आणि माझं आजचं म्हणणं असेल तर ते हे. त्या पिशवीत बायबल आणि नकाशा एकत्र होते. त्यांच्याविषयी लिहिणारे भक्त बायबलची गोष्ट सांगतात, कार्यकर्ते नकाशाची. बाईंनी दोन्ही एकाच पिशवीतून, त्याच माणसांपुढे, काही मिनिटांच्या अंतरानं काढलं. जमिनीचा कागद खरा असावा, गरिबाचं नाव त्यावर नीट लिहिलं जावं, हे त्यांना प्रार्थनेइतकंच पवित्र काम वाटत होतं. ही दोन कामं वेगळी करायला गेलं की या बाई हातून निसटतात.

इथं, या गावात, हे बोलताना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण येणं अटळ आहे. जुलै 2024 मध्ये ते गेले. हरित वसईचं आंदोलन त्यांनी उभं केलं, तेव्हा पाद्र्यानं विहिरी, बावखलं, झाडं आणि बिल्डर यांत का पडावं, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेलाच. धमक्याही आल्या. सुबोध बायबल लिहिणारे आणि पाण्याच्या प्रश्नावर मोर्चा काढणारे फादर एकच होते. ज्यांनी त्यांना ऐकलं आहे त्यांना आनापू फार लांब वाटणार नाही.

सिस्टरांच्या दफनाला हजारो लोक आले. आनापूतच, नदीकाठी, त्यांना ठेवलं. त्यांना आपण पुरत नाही, पेरतो आहोत, असं तिथं बोललं गेलं, आणि ते पुढे पुष्कळदा छापलं गेलं. 2019 मध्ये रोमला ॲमेझॉनवर बिशपांची परिषद भरली तेव्हा मिरवणुकीत त्यांचा फोटो होता. जानेवारी 2025 मध्ये त्यांच्या रक्तानं भिजलेली माती रोममधल्या सेंट बार्थोलोम्यू बॅसिलिकेत, आधुनिक हुतात्म्यांच्या स्मारकात ठेवण्यात आली.

आनापूत मात्र परिस्थिती निवळलेली नाही. लाकूडवाले वसाहतीत घुसतच राहिले, तेव्हा 2011 मध्ये वसाहतीतल्या लोकांनी रस्ता अडवला आणि वाहनं तपासायला चौकी हवी म्हणून अडून बसले. जमिनीवरून खून होतच आहेत, त्यातले बरेचसे गेल्या दशकातले. सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेल्या, त्यांच्यानंतर काम पुढे नेणाऱ्या एका फादरांना मार्च 2018 मध्ये अटक झाली. जमिनीवर कब्जा करायला लोकांना भडकवतात, असे त्यांच्यावरचे आरोप. तीन महिने ते तुरुंगात होते, आणि त्याच तुरुंगात सिस्टरांच्या खुनात शिक्षा झालेला एक मालकही होता, असं तिथल्या वर्तमानपत्रांत आलं. बिशप क्राउटलर यांना 2006 पासून पुढची कित्येक वर्षं पोलिसांच्या पहाऱ्यात मिस्सा करावी लागली.

या विषयावरचा 2008 सालचा एक माहितीपट आहे, इंग्रजी आणि पोर्तुगीज भाषेतला. त्यातलं चित्रीकरण पुढे खटल्यातही उपयोगी पडलं. संयोजकांनी पुढच्या शनिवारी तो इथंच दाखवायचं कबूल केलं आहे. खटल्यांचे बारकावे मी आज घाईनं सांगितले, त्याबद्दल तेव्हा सविस्तर बोलू. आता प्रश्नांसाठी वीसेक मिनिटं आहेत. मागे बसलेल्यांपासून सुरुवात करू या.